सौंदत्तीच्या डोंगरावर पडली भरायला जाताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मार्गशीर्ष लागला की आमच्या बेळगाव भागात गल्लीगल्लीत एकच विषय असतो: "यंदा डोंगराला कधी?" डोंगर म्हटलं की सौंदत्तीचा, रेणुका-यल्लम्मा देवीचा, वेगळं सांगावं लागत नाही. मंडळी जातात, भंडाऱ्यानं पिवळी होऊन परत येतात आणि मग घरची आज्जी विचारते, "जोगुळभावी केलीस काय? परशुरामाला गेलतीस?" जोगुळभावी म्हणजे पायथ्याचं आंघोळीचं कुंड आणि परशुराम देवीचा लेक, त्याचं देऊळ वर. आज्जीच्या प्रश्नावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. गाडी थेट वर नेलेली असते, दर्शन झालेलं असतं, पडली, म्हणजे देवीची नैवेद्यानं भरायची परडी, घाईघाईत पार्किंगच्या कडेला भरलेली असते आणि अर्धा नैवेद्य आंबून टाकून द्यावा लागलेला असतो.

मूळ चूक एकच. लोक दर्शनाचा बेत आखतात आणि पडलीला उरलेला वेळ देतात. गर्दी नसेल तर दर्शन तासाभरात होतं. पडलीला स्वयंपाक, जागा, पाणी, माणसं आणि निवांतपणा लागतो, म्हणजे अर्धा दिवस. म्हणून आधी पडलीची वेळ धरायची आणि बाकीचं तिच्याभोवती बसवायचं.

१. तारीख ठरवणे

डोंगरावर पौर्णिमेला गर्दी असते, त्यातही चार पौर्णिमा मोठ्या. मार्गशीर्षातली, जिला आपल्याकडं रांडाव पुनव म्हणतात. पौषातली शाकंभरी, कानडीत बनद हुण्णिमे. माघातली भारत हुण्णिमे. आणि चैत्रातली दवण्याची. तुमच्या घराची पुनव कोणती हे आधी घरच्या थोरल्या माणसाला विचारा. मार्गशीर्षात देवीचं वैधव्य आणि माघात पुन्हा अहेवपण असा डोंगरावरचा विधीचा क्रम आहे. त्यामुळं काही घरं मार्गशीर्षात चुडा, ओटी नेत नाहीत, ती माघात नेतात. शेजारीण म्हणाली म्हणून ओटीचं सामान भलत्या पौर्णिमेला नेलं आणि वर जाऊन वाद झाला, असं दर वर्षी कुणाच्या तरी घरात होतंच.

दिनदर्शिकेत ज्या चौकोनात पौर्णिमेचा गोल छापलेला असतो, तेवढ्यावर जाऊ नका. तिथी कधी सुरू होते आणि कधी संपते ती वेळ वाचा. पौर्णिमा आदल्या दिवशी दुपारी लागत असेल तर गर्दीही आदल्या दुपारपासूनच लोटते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर उतरणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर सापडता.

लहान मूल, गरोदर बाई किंवा गुडघे धरलेली आज्जी बरोबर असेल तर पौर्णिमाच सोडा. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार, तेव्हाही गर्दी असते. पौर्णिमा उलटून गेल्यावरचा बुधवार किंवा गुरुवार मात्र बराच मोकळा मिळतो. घरची पुनव चुकते म्हणून कुणी नाराज झालं तर थोरली मंडळी पौर्णिमेला घरी पडली भरतात आणि डोंगर नंतर करतात. आमच्या घरात गेली काही वर्षं असंच चाललंय.

२. गाडी आणि रस्ता

बेळगावहून सौंदत्ती ऐंशीएक किलोमीटर पडते. एक रस्ता बैलहोंगलवरून जातो, दुसरा नेसरगी-यरगट्टीवरून. रेल्वेनं येणाऱ्या पाहुण्यांना धारवाडला उतरवा. तिथून सौंदत्ती चाळीसएक किलोमीटर आहे. सौंदत्ती गावापासून डोंगर आणखी पाचेक किलोमीटर. हे शेवटचे पाच किलोमीटरच यात्रेत सगळ्यात जास्त वेळ खातात, तो वेळ वेगळा धरा.

बसनं जात असाल तर पाटी कानडीत असते. गावाचं नाव तिथं "सवदत्ती" असं लिहितात आणि डोंगराला "यल्लम्मन गुड्ड" म्हणतात. कानडी अक्षरं वाचता येत नसतील तर कंडक्टरला "गुड्डक्क होगतैती?" एवढं विचारलं तरी पुरतं.

बायकांसाठी एक गोष्ट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे. राज्यातल्या रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून फुकट प्रवास करता येतो. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि कंडक्टर देतो ते शून्य रकमेचं तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावं लागतं. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून आलेल्या नणंदा-जावांना हे लागू नाही. एकाच घरातल्या दोघी शेजारी बसतात, एक फुकट आणि दुसरी पैसे देऊन, मग बसभर थट्टा चालते. लग्न होऊन बेळगावात आलेल्या पण आधारवर अजून माहेरचाच पत्ता असलेल्या सुनाही यात अडकतात. निघण्याआधी कार्ड उघडून बघा.

*सावधान:* ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा फळ्यांचा माळा घातलेल्या ट्रकमध्ये माणसं भरून नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना मारामार होते. "पूर्वापार असंच जातोय" हे विमा कंपनीला सांगून उपयोग नाही. सामान ट्रॉलीत जाऊ दे, माणसं बसनं किंवा क्रूझरनं.

३. सामान बांधणे

पडलीचं सामान वेगळ्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी एकाच माणसाच्या ताब्यात द्या. तिच्यात काय हवं: पडल्या (वेताच्या असोत की पितळी, आपल्या घरच्या), घोंगडं, भंडारा, कुंकू, विड्याची पानं, सुपारी, लिंबं, खोबरं, खारका, केळी, कापूर, उदबत्त्या, समई आणि तेल, काडेपेटी दोन ठिकाणी, कडुलिंबाचे डहाळे, दक्षिणेसाठी सुट्टे पैसे. घोंगडं विसरणारे खूप. मग कुणाची तरी चादर अंथरावी लागते आणि म्हातारी माणसं दिवसभर तेच ऐकवतात.

भंडारा बेळगावातून ओळखीच्या दुकानातून घ्या. डोंगरावर मिळतो त्यात काही ठिकाणी पिठात रंग कालवलेला असतो, तो डोळ्यांत गेला की झोंबतो. चिमूटभर भंडारा साबणाच्या पाण्यात टाकून बघा. हळद असेल तर लालसर होते. जराही लाल झाला नाही तर तो नुसता रंग आहे, उधळू नका.

मार्गशीर्ष ते माघ वर रात्री गारठा असतो. एक रात्र मुक्काम असेल तर माणशी एक पांघरूण हवंच. चैत्रात उलटं, तेव्हा ताडपत्री आणि डोक्याला कापड. पाण्याचे कॅन घरूनच भरून न्या. पिण्याचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा, आणि पिण्याच्या कॅनला लाल दोरी बांधा. अंधारात कोणता कुठला ते कळत नाही.

*तपासा:* निघताना पडल्या मोजा. पाच नेल्या तर पाच परत यायला हव्यात. यात्रेत सगळ्यांच्या पडल्या सारख्याच दिसतात, म्हणून बुडाला रंगानं खूण करून ठेवा.

४. घरून काय शिजवून न्यायचं आणि काय नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा सविस्तर.

घरून न्यावं: पुरण (पोळ्या नाहीत, नुसतं पुरण, कोरडं वाटलेलं), भिजवलेल्या कडधान्याच्या घुगऱ्या न शिजवता, ज्वारीचं पीठ, निवडून आणि कोरडी करून ठेवलेली मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजरं. डोंगरावर करावं: भात, पोळ्या किंवा कडबू, भाकरी, भाज्या.

एका वर्षी आम्ही शहाणपणा केला. वर चूल पेटवायचा त्रास नको म्हणून रात्री जागून शंभरेक कडबू घरीच उकडले आणि गरम गरमच स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला तर आतून पाणी सुटलेलं, कडबू एकमेकांना चिकटून लगदा झालेला आणि आंबूस वास. काकूनं एक शब्द न बोलता डबा बंद केला आणि पीठ मळायला घेतलं. तेव्हापासून नियम असा: घरून काही शिजवून न्यायचंच असेल तर ते परातीत पूर्ण गार करायचं, मग सुती कपड्यात गुंडाळून वेताच्या बुट्टीत न्यायचं. झाकण घट्ट लावायचं नाही. भात तर घरून न्यायचाच नाही.

आंबिलीचं वेगळं प्रकरण. ताक घालून आंबवलेली आंबील बंद कॅनमध्ये उन्हात राहिली की आत वायू धरतो आणि झाकण उघडताना ती छतापर्यंत उडते. भांडं पाऊण भरा, झाकण सैल ठेवा आणि ते सावलीला धरून बसणारा माणूस नेमा. पोरांना हे काम आवडतं.

वरच्या चुलीसाठी तीन दगड शोधत बसू नका. छोटी शेगडी आणि सिलिंडर न्या, पण तो तंबूच्या आत लावू नका. पौर्णिमेच्या रात्री पाल, ताडपत्र्या, कडबा आणि बैलगाड्या खेटून असतात. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली तर पाणी आणायला वाट सापडत नाही. चुलीपाशी पाण्याची एक घागर भरून ठेवा आणि ती कशालाही वापरू नका.

५. पायथ्याशी: जोगुळभावी आणि सत्यव्वा

इथून खरा क्रम सुरू होतो. क्रम खालून वर आहे. जे थेट वर जातात त्यांचा तो पहिल्या पायरीलाच मोडतो.

१. गाडी वर जाण्याआधी जोगुळभावीला थांबा. ड्रायव्हरला निघतानाच सांगा, ऐनवेळी गर्दीत तो गाडी वळवत नाही.

२. आंघोळ करा. गर्दीत कुंडात उतरणं जमलं नाही तर तांब्यानं अंगावर पाणी घेतलं तरी चालतं, आज्जीलाही ते मान्य आहे.

३. ओले कपडे बदला. बायकांसाठी आडोसा कमी पडतो. दोन साड्या आणि चार काठ्या बरोबर असल्या तर स्वतःचा आडोसा करता येतो.

४. तिथल्या सत्यव्वा देवीचं दर्शन घ्या, भंडारा लावा, मगच पुढं निघा.

कुंडातलं पाणी हजारो लोक वापरतात. अंगावर उघडी जखम, खरूज, गळू असेल तर आत उतरू नका, नुसतं पाणी शिंपडा. इथल्या आंघोळीनं त्वचेचे आजार बरे होतात अशी श्रद्धा जुनी आहे. श्रद्धेला मी हात लावत नाही. पण अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल तर डोंगरावरून आल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं, आणि वेळेत घेतलं तर बोटं वाचतात.

आणि कायद्याची गोष्ट, कारण अजूनही कुणी तरी कानात कुजबुजतं. लिंब नेसायचा, म्हणजे कडुलिंब अंगावर ल्यायचा, तो पूर्ण कपड्यांवर डहाळे बांधून किंवा हातात धरून. निर्वस्त्र पूजेला बंदी आहे. मुलगी देवाला सोडणं कर्नाटकात कायद्यानं गुन्हा आहे आणि आईवडीलही त्यात सुटत नाहीत. पोरीच्या केसात जट आली म्हणजे देवीचं बोलावणं, असं सांगणारा कुणी भेटला तर पोरीचा हात धरून पुढं चला. केस न विंचरल्यानं, मळानं आणि भंडाऱ्यानं गुंता होतो. तेल लावून सोडवा, नाही सुटला तर कापा.

६. वर: एण्णी होंड, परशुराम, मग देवी

वर पोचल्यावर पहिलं काम दर्शनबारीला लागणं नव्हे. पहिलं काम जागा धरणं. दोन माणसं पुढं पाठवा. पाण्याजवळ पण उताराच्या वरच्या बाजूला, मोठ्या वाटेपासून थोडी आत अशी जागा बघा. खालच्या बाजूला बसलात तर सगळ्यांच्या चुलीचं आणि आंघोळीचं पाणी तुमच्या घोंगड्याखाली येतं.

जागा धरली की माणसं दोन गटांत वाटा. एक गट स्वयंपाकाला लागतो, दुसरा दर्शनाला जातो, मग अदलाबदल. सगळे मिळून बारीत उभे राहिले तर चार वाजता उपाशी पोटी कांदा चिरायला बसावं लागतं.

दर्शनाला जाताना:

१. एण्णी होंड या कुंडावर हातपाय धुवा. आपली माणसं याला तेलहोंड म्हणतात. काठाच्या पायऱ्यांवर ओला भंडारा साचून शेवाळासारखा निसरडा होतो. म्हाताऱ्या माणसांना तिथं उतरवू नका, तांब्यात पाणी आणून द्या.

२. गणपती आणि परशुरामाला जा. लेकाला भेटल्याशिवाय आईकडं जायचं नाही, असं आमच्याकडं म्हणतात.

३. मग देवीच्या बारीत. हातात नैवेद्याचं एकच पान ठेवा, सगळी बुट्टी नाही. चेंगराचेंगरीत बुट्टी वाकते आणि पुढच्याच्या पाठीवर वरण सांडतं.

४. बाहेर आल्यावर मल्लिकार्जुन, सिद्धेश्वर, एकनाथ अशी आवारातली देवळं. पाय दुखत असतील तर बाहेरून हात जोडा.

बारीत भंडारा उधळू नका. "उदो गं आई उदो" तोंडानं म्हणा. कोंडलेल्या जागेत मूठ उधळली की मागच्या लहान पोराला ठसका लागतो, आणि त्या गर्दीत त्याला बाहेर काढता येत नाही.

*तपासा:* बारीत जाण्याआधी भेटायची जागा ठरवा. पौर्णिमेला मोबाइलला रेंज असून फोन लागत नाही. "दीपमाळेजवळ" म्हणू नका, सगळे तिथंच उभे असतात. आपल्या पालावर रंगीत साडी उंच काठीला बांधा आणि पोरांना ती दाखवून ठेवा. लहान मुलाच्या खिशात गावाचं नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, मराठीत आणि कानडीतही. तिथले पोलीस कानडी वाचणार.

७. पडली भरणे

दर्शनानंतर, दोन्ही गट एकत्र आल्यावर. काही घरांत डोंगरावर न भरता गावी परतून मळ्यात भरतात. तुमची रीत तशी असेल तर हा टप्पा तिकडं न्या, क्रम तोच ठेवा.

१. जागा झाडून पाणी शिंपडा. घोंगडं अंथरा, त्यावर भंडारा टाका.

२. पडल्या मांडा. आमच्याकडं पाच. मध्ये समई लावा. वारा असेल तर तिला डब्याचा आडोसा करा, नाही तर सगळे विधी सोडून काडेपेटी शोधत बसतात.

३. पडली धरायला जोगतीण किंवा जोगाप्पा (देवीला वाहिलेली माणसं) बोलवायचे असतील तर त्यांच्याशी आधी बोला: किती जण येणार आणि दक्षिणा किती. हे घोंगड्यावर बसल्यावर ठरवायचं नसतं. तिथं घासाघीस झाली की त्यांचा मान जातो आणि आपलीही शोभा होते. चौंडकं वाजवणारा बरोबर असेल तर त्याचं वेगळं ठरवा.

४. पडल्यांना भंडारा-कुंकू लावा, पानसुपारी ठेवा.

५. आता भरणं. आधी भात-भाकरी, मग भाज्या आणि घुगऱ्या, मग पोळी किंवा कडबू, वर लिंबू आणि फळ. प्रत्येक पदार्थ पाचही पडल्यांत फिरवून मगच पुढचा पदार्थ घ्या. एक पडली पूर्ण भरून दुसरीकडं वळलं की शेवटच्या पडलीला पोळी उरत नाही. हे मी तीन वेळा पाहिलंय, तिन्ही वेळा वेगवेगळ्या घरांत.

६. उदो म्हणा, आरती करा, पडली धरणाऱ्यांना आधी जेवायला वाढा. घरची माणसं नंतर. भूक लागलेल्या पोरांना मात्र याच्या आधीच बाजूला नेऊन काही तरी खायला घाला. देवी रागावत नाही, पोरं रडून सगळ्यांचं चित्त घालवतात.

जोगवा मागायला येणाऱ्यांसाठी एक बुट्टी वेगळी काढून ठेवा. पंगतीतून उठून वाढत राहिलं की घरच्या बायकांचं जेवण कधीच होत नाही.

८. उतरताना आणि घरी आल्यावर

पंगत झाल्यावर लगेच निघू नका. दुपारी तीन ते सहा सगळ्या गाड्या एकदम उतरतात. तास-दोन तास झोप काढा, ड्रायव्हरला तर नक्कीच झोपवा. रात्रभर जागून आलेला तोच असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. पत्रावळ्या आणि प्लास्टिक गोळा करून पोत्यात भरा, गुरांच्या तोंडाला लागू देऊ नका.

वाटेत नविलुतीर्थ धरणाकडं गाडी वळवायचा मोह पोरांना होतो. बघा, पण मलप्रभेच्या पाण्यात उतरू देऊ नका. जेवलेलं अंग, जागरण आणि खोलीचा अंदाज नाही.

घरी आल्यावर पडल्या मोजा, पुसा आणि उन्हात वाळवा. वेताची पडली ओली ठेवली की बुरशी धरते. उरलेला ओला प्रसाद त्याच रात्री वाटून टाका. कोरडा भंडारा, खोबरं, खारीक दुसऱ्या दिवशी शेजारी दिले तरी चालतात.

आता कपडे. भंडाऱ्याचे कपडे आणल्या आणल्या साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि मग पांढरा सदरा लालभडक झाला म्हणून पावडरीला शिव्या देतात. आधी कोरडेच अंगणात झटकून काढा. मग नुसत्या गार पाण्यात दोनदा खळबळा. त्यानंतर साबण, आणि शेवटी कडक उन्हात. साबण नीट खळबळून काढला की लाल झालेलं पुन्हा पिवळं होतं, आणि पिवळं उन्हात दोन-तीन दिवसांत फिकं पडतं. आज्जीचं नऊवारी मात्र धुवायला मागू नका. ते ती पुढच्या पुनवेपर्यंत तसंच घडी करून ठेवते.